तिकीट खिशात ठेवून महिनापुआच्या तळ्याकाठी

न्यूझीलंडहून आलेला माणूस बर्फाचे डोंगर आणि मेंढ्यांचे फोटो दाखवतो. माझ्याकडे गंजलेल्या लोखंडाचे फोटो जास्त आहेत. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ ते बघून म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन भंगारच बघितलंत?" त्यांना काय उत्तर द्यायचं ते तेव्हा सुचलं नाही. आता सविस्तर लिहितो.

माझा धंदा बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं लिलावात घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा. बार्शीकडून भोसरीला आलो तेव्हा एका वर्कशॉपमध्ये उभ्याने कानस घासत होतो. पुढे स्वतःचा गाळा झाला, तो कुणाच्या मेहेरबानीवर नाही. लिलावात मी भावनेच्या भरात कधी बोली लावली नाही आणि घासाघीस केल्याशिवाय साधा हातरुमालही घेतला नाही. समोरचा अडला की पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. दहा पावलांत मागून हाक येते. माझा सगळा संसार त्या हाकेवर उभा राहिला आहे, असं म्हटलं तरी चालेल.

२००६ साली मी आणि मंगल, म्हणजे माझी बायको, मुलाकडे हॅमिल्टनला गेलो होतो. निखिल तिथे दूधधंद्याची यंत्रं करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. सून केतकी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघं भाड्याच्या घरात राहत होती. एका शनिवारी निखिल म्हणाला, "बाबा, आम्ही जरा जाऊन येतो, दूध संपलंय." दुधाला जाताना केतकीने चांगला ड्रेस घातला होता, हे मी बघितलं. मी टीव्हीवर क्रिकेट बघत बसलो. दोन तासांनी ती परत आली. दुधाची बाटली टेबलावर ठेवून निखिल म्हणाला, "बाबा, आम्ही घर घेतलं. आत्ता. ऑक्शनमध्ये."

लिलावात! दहा मिनिटांच्या अंतरावर लिलाव चालू होता, माझा मुलगा बोली लावत होता, आणि मी सोफ्यावर बसून दुधाची वाट बघत होतो.

"कितीला?" मी विचारलं.

"ते राहू दे ना बाबा."

"मला का नेलं नाहीस?"

केतकी फ्रिज उघडून उगाच आत बघत राहिली. निखिल म्हणाला, "इथली पद्धत वेगळी असते."

जन्म लिलावात घातलेल्या माणसाला पोरगा लिलावाची पद्धत सांगत होता. माझा तोल गेला. काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. शेवट असा झाला: "तुमच्या वास्तुशांतीला मी नसणार. माझं तिकीट आधीचं कर."

आता, याचा अर्थ आपल्याकडे कुणालाही कळतो. दोन दिवस घर गप्प राहतं, मग कुणीतरी येऊन समजूत काढतं, माणूस आणखी एकदा नाही म्हणतो, आणि पूजेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी अंघोळ करून तयार असतो. मी त्याच हिशेबाने बोललो होतो. सोमवारी संध्याकाळी निखिलने माझ्यासमोर एक कागद ठेवला. "बाबा, झालं. ताबा मिळतो त्या आठवड्यातल्या शुक्रवारचं मिळालं. वास्तुशांत शनिवारी आहे, म्हणजे तुम्हाला हवं तसंच." टोमणा नव्हता त्यात. एअरलाइनच्या फोनवर तासभर लटकून त्याने बापाचं काम केलं होतं.

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगितलंत ना? मग तोंड कशाला पाडलंत?"

घराचा ताबा मिळायच्या आधीच्या आठवड्यात आम्हा दोघांना दक्षिण बेटावर फिरवून आणायचं निखिलने आधीच ठरवलं होतं. केतकीला रजा नव्हती. माझ्या तिकिटामुळे हा बेत मोडला नाही. पश्चिम किनाऱ्यावर सोन्याच्या आणि कोळशाच्या जुन्या खाणी आहेत, "तुम्हाला जुनी यंत्रं आवडतात म्हणून तिकडे," असं तो म्हणाला. परत आल्यावर शुक्रवारी मी विमानात बसणार, मंगल मागे राहणार, शनिवारी पूजा. अशा अवस्थेत आम्ही निघालो.

रीफ्टन आणि वाइउटा

हॅमिल्टन ते वेलिंग्टन, तिथून गाडी बोटीत घालून पलीकडे, मग पुन्हा रस्ता. त्यात सांगण्यासारखं एवढंच की मी बोललो नाही, निखिल गाडी चालवत राहिला आणि मंगलने आम्हा दोघांनाही वेगवेगळं बोलवून तेच तेच बेसनाचे लाडू खायला घातले.

डोंगर उतरून पश्चिमेला आलं की उजेडच कमी होतो. ढग झाडांच्या शेंड्यांवर बसलेले असतात. रीफ्टन हे एका रुंद रस्त्याचं गाव. दुकानांच्या कपाळावर लाकडी पाट्या, आणि हवेत ओल्या कोळशाच्या धुराचा वास. तो वास मला भोसरीच्या पहिल्या वर्षांत घेऊन गेला. गावातल्या बेकरीत मंगलने शाकाहारी पाय, म्हणजे तिकडची सारण भरलेली पेस्ट्री, मागितला. बाई म्हणाली, "अंडं आणि बेकनचा आहे ना, त्यात मटण नाही." बेकन म्हणजे डुक्कर, हे निखिलने सांगितल्यावर मंगलने कपाळाला हात लावला आणि गाडीत बसून दशम्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी वाइउटाला गेलो. मुख्य रस्ता सोडून खडीच्या अरुंद रस्त्याने जंगलात शिरायचं, तासभर एकही गाडी समोरून येत नाही, आणि मग एकदम झाडं संपून डोंगराचा उघडा माथा येतो. इथे सोन्याची खाण होती. खाण होती म्हणून गाव होतं. शाळा, दवाखाना, नाचाचा हॉल, पोहण्याचा तलाव. मग खाणीचा एक उभा बोगदा आत ढासळला, पाणी भरलं, तो पुन्हा बांधणं परवडेना, आणि काही महिन्यांत सगळं गाव उठून गेलं. आता गवतात एक विटांची चिमणी उभी आहे. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी शेवाळ आहे. बाकी पाट्या: इथे न्हाव्याचं दुकान होतं, इथे पोलीस राहायचा.

आणि लोखंड. एक बॉयलर कुशीवर पडलेला, त्याच्या तोंडातून नेच्यांची झुडपं बाहेर आलेली. दगड कुटायच्या यंत्राचे खांब, मोठमोठी चाकं. मी एका चाकाला बोटाने खरवडलं. गंजाच्या खाली धातू अजून घट्ट होता.

"हे कुणी विकलं का नाही?" त्या दिवसातलं ते माझं पहिलं वाक्य.

"इथून न्यायला परवडलं नसेल," निखिल म्हणाला.

"परवडत नाही असं काही नसतं. विचारणारा लागतो."

आमच्याकडे गिरणी बंद पडली की महिन्यात खिळासुद्धा उरत नाही. मी स्वतः अशा किती गिरण्या रिकाम्या केल्या आहेत. रिकामी झालेली जागा मला कधी उदास वाटली नाही, कारण माल पुढे कुठेतरी चालू व्हायचा. इथे माल होता तिथेच पडून होता, आणि माणसं निघून गेली होती.

मंगल पाटीवरचा फोटो बघत होती. "अरे निखिल, एवढी घरं दिसतात यात. ती कुठे गेली?"

"उचलून नेली, आई. इथे घरं लाकडाची असतात. ट्रकवर घालून दुसऱ्या गावाला नेतात."

"अख्खं घर?"

"कधी अख्खं, कधी दोन तुकडे करून."

मी म्हणालो, "तू घेतलेलंही असलंच का? उचलून नेण्यासारखं?"

"हो, लाकडाचंच आहे. पण ते कुठे जात नाहीये, बाबा."

मंगल हसली. निखिलही जरासा हसला. मला ऐकू आलं ते वेगळंच: घर कुठे जात नाहीये, जाताय ते तुम्ही.

दुपारी ग्रे नदीच्या काठी ब्रनरची कोळशाची खाण बघितली. स्फोटात एकाच सकाळी गेलेल्या माणसांची नावं तिथे लिहिली आहेत. एकेक आडनाव दोनदा, तीनदा येतं. भाऊ असतील, बापलेक असतील. निखिल ती नावं हळू आवाजात वाचत होता. मी नदीकडे तोंड करून उभा राहिलो. ढग इतके खाली आले होते की पलीकडचा काठ दिसेना.

तळ्याकाठी

महिनापुआ हे तळं समुद्राजवळ, पण रानात लपलेलं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. झाडांची मुळं आणि पानं कुजून तो रंग येतो म्हणे, घाण नाही. उंच झाडं पाण्यापर्यंत आलेली, वारा नसला की तळ्यात त्यांचं उलटं रान दिसतं. सुंदर आहे, नाही असं नाही, पण हसरं नाही. बघत बसलं की आपल्या मनातलंच आणखी गडद होत जातं.

तंबू ठोकायची सरकारी जागा. फाटक नाही, चौकीदार नाही, खिडकी नाही. खांबावर एक लोखंडी पेटी. पाकिटात भाडं घालून आपणच टाकायचं.

"आणि नाही टाकलं तर?" मी विचारलं.

"टाकतात," निखिल म्हणाला.

"तीन दिवस राहतोय, कमी करा, असं कुणाला सांगायचं?"

"पेटीला सांगा, अहो," मंगल म्हणाली. "ती ऐकून घेईल, उलटून बोलणार नाही."

निखिलने पाकीट पेटीत टाकलं. खटकन आवाज झाला. समोर माणूसच नसलेला व्यवहार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला आणि मला तो अजिबात आवडला नाही.

तंबू निखिलने एकट्याने उभा केला. मला एक दोर धरायला दिला, तोही बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. तोवर सँडफ्लाय आल्या. डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी काळी माशी, चावली की आठवडाभर खाज. मंगलने ओढणी तोंडाभोवती गुंडाळली आणि ऑकलंडच्या ओटाहुहु भागातल्या भारतीय दुकानातून आणलेल्या बेसनाचं पिठलं गॅसच्या छोट्या शेगडीवर रटरटत ठेवलं. त्या उदास तळ्याकाठी लसणाच्या फोडणीचा वास सुटला. आठवडाभरात मला बरं वाटलं ते तेवढंच.

तेही टिकलं नाही. वेका म्हणून एक तपकिरी, कोंबडीएवढा पक्षी तिथे हिंडतो. उडता येत नाही, पण चोऱ्या करतो. मी तंबाखू मळायला बसलो, चुन्याची डबी शेजारी ठेवली, आणि तो आला, डबी चोचीत धरली आणि चालू लागला. पळालाही नाही, वसुलीला आलेल्या माणसासारखा रुबाबात झाडीत गेला. मी पायातली जँडल, म्हणजे तिकडची रबरी चप्पल, फेकून मारली. ती तळ्यात पडली.

"सोडा आता," मंगल म्हणाली, "परत मागायला गेलात तर तो भाव वाढवील."

निखिल पोट धरून हसत होता. लहानपणी तो असाच हसायचा. मीही हसणार होतो, पण खिशातला तो कागद टोचला.

शर्लीचं गॅरेज

दुसऱ्या दिवशी पाऊस. निखिलने गाडी रॉस गावाच्या बाजूला काढली. वाटेत एका लहान गावात (नाव देत नाही) कुंपणाला पुठ्ठा बांधलेला दिसला: गॅरेज सेल. मी म्हणालो, थांबव.

गॅरेजचं सरकतं दार वर गुंडाळलेलं होतं. आत सत्तरीची एक बाई, लोकरी टोपी घातलेली. "किआ ओरा," म्हणजे तिकडचा नमस्कार, "या, पावसातून आत या," म्हणाली. नाव शर्ली. नवरा जवळच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये लोहारकाम करायचा, मागच्या वर्षी गेला. ती आता मुलीकडे नेल्सनला राहायला जाणार होती, म्हणून त्याचं सगळं विकायला काढलेलं. हातोडे, सांडशा, पाने, फिरकीचा जुना भाता.

आणि एका जाड लाकडी टेबलावर बसवलेला व्हाइस. म्हणजे काम पकडून ठेवायचा लोखंडी जबडा. कानस मारायची, कापायचं, ठोकायचं, सगळं त्यात धरून. जुना इंग्लिश माल. मी दांडा फिरवला. लोण्यासारखा फिरला. जबडे मिटले तर मधून कागद जाणार नाही. नकळत मी उजवा हात दुमडून कोपर जबड्यावर टेकवलं. बरोबर बसलं. भोसरीला मिस्त्रीने पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट: जबडा कोपराच्या उंचीला पाहिजे. वर असला तर खांदा जातो, खाली असला तर कंबर. शर्लीचा नवरा माझ्याच उंचीचा असणार.

"तुम्ही असं काय केलंत?" निखिलने विचारलं. मी त्याला सांगितलं. त्याने स्वतः टेकवून बघितलं. तो माझ्यापेक्षा उंच, त्याला वाकावं लागलं.

"चहा घेणार?" शर्लीने विचारलं.

"नको नको," मी म्हणालो. आपण म्हणतो तसं.

"बरं," ती म्हणाली, आणि स्वतःपुरता चहा करून घेऊन आली. पुन्हा विचारलं नाही. पावसात भिजलेला मी तिच्या कपातून निघणारी वाफ बघत उभा राहिलो.

व्हाइसला चिकटपट्टी लावून त्यावर किंमत लिहिली होती. किंमत वाजवी होती. खरं सांगायचं तर कमीच होती. मी निम्मी सांगितली.

"नाही हो," ती म्हणाली. "लिहिलीय तीच."

"जुना आहे. दांडा झिजलाय."

"हो, जुना आहे," ती गोड आवाजात म्हणाली.

मी थोडा वर आलो. तिने मान हलवली. राग नाही, आढेवेढे नाहीत. मग मी जे चाळीस वर्षं केलं तेच केलं. हात झटकले, "राहू द्या," म्हणालो आणि पाठ फिरवून पावसात चालायला लागलो. कुंपणापर्यंत गेलो. फाटकाची कडी काढायला उगाच वेळ लावला. मागून दार खाली ओढल्याचा घरघर आवाज आला. मी वळून बघितलं तर गॅरेज बंद.

गाडीत बसलो. निखिलने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "बाबा, जायचं?"

"थांब जरा."

काचेवर पाऊस वाजत होता. घराच्या खिडकीत शर्ली दिसली. टोपी काढून टीव्हीसमोर बसली होती.

"बाबा," निखिल हळूच म्हणाला, "ती आता येणार नाही. तुम्ही नको म्हणालात ना. तिच्या दृष्टीने विषय संपला."

"चल मग," मी ओरडलो. "थांबलायस कशाला?"



एक प्रश्न

संध्याकाळी पाऊस थांबला. तळ्यावर धुकं होतं. मी आणि निखिल ओल्या धक्क्यावर उभे होतो. त्याने स्वतःच विषय काढला.

"तुम्हाला नेलं असतं तर काय झालं असतं, सांगू?"

"सांग."

"तुम्ही त्या ऑक्शनरशी भांडला असता. मला मध्येच हात धरून बाहेर काढलं असतं, की आता चालायला लाग, बोलावतील मागून. आणि कुणी बोलावलं नसतं. ते घर दुसऱ्याला गेलं असतं."

"कमी भावात मिळवून दिलं असतं मी तुला."

"मला ते घर हवं होतं, बाबा. तुम्हाला जिंकायला हवं असतं. केतकी तीन वर्षं घरं बघतेय. मागे लिंबाचं झाड आहे म्हणून ती तिथे रडायला लागली होती."

मला उत्तर होतं. माझ्या त्याच जिंकण्यावर याचं इंजिनिअरिंग झालं, हे उत्तर होतं. मी दिलं नाही. मी अजूनही म्हणतो की बापाला घरी बसवून दुधाच्या नावाने जायला नको होतं. नेऊन कोपऱ्यात उभं करायचं, तोंड उघडू नका म्हणून दम द्यायचा. उभा राहिलो असतो.

समोर कुठेतरी पक्षी पाण्यात उतरला, तेवढाच आवाज. मग निखिल म्हणाला, "बाबा, तिकीट परत बदलू का?"

हीच ती हाक. पण तोंड माझं, चाळीस वर्षांची सवय त्याला. पहिल्या हाकेला वळणारा माणूस भाव घालवून बसतो.

"नको," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. आणखी एकदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. त्याने मान हलवली.

"ओके," म्हणाला, आणि तंबूकडे गेला.

मी मागे तळ्याच्या काठाने चालायला लागलो. मुद्दाम, दिसेल असा. झाडीच्या टोकापर्यंत गेलो, थांबलो, परत आलो. मंगल कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पाय मोकळे केलेत, बरं झालं."

परत

सकाळी उठलो तेव्हा गाडी नव्हती. "ब्रेड आणायला गेलाय," मंगल म्हणाली. ब्रेडसाठी पोराने चांगलाच वेळ घेतला. आला, तंबू उतरवला, मागे सगळं स्वतःच भरलं, मला हात लावू दिला नाही. गाडीची मागची बाजू जरा बसल्यासारखी वाटली. ओला तंबू जड असतो, असं मी मनात म्हटलं.

निघताना मी म्हणालो, "कालच्या गावावरून घे."

"ते उलट्या दिशेला आहे, बाबा."

"असू दे."

त्याने गाडी वळवली. कालपासून मी ठरवलं होतं: उतरायचं, लिहिलेली किंमत तिच्या हातावर ठेवायची, एक शब्द बोलायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा. गॅरेजचं दार वर होतं. टेबल तिथेच होतं. त्यावर चार भोकं होती, व्हाइस नव्हता. शर्ली बाहेर झाडांना काहीतरी करत होती. आमची गाडी बघून तिने तोंडभर हसून हात हलवला. मला वाटलं, चिडवतेय.

"गेला," मी म्हणालो.

निखिल रस्त्याकडे बघत म्हणाला, "इथे लोक सांगितलेली किंमत देऊन घेऊन जातात, बाबा."

तिथून हॅमिल्टनपर्यंत मी फारसं बोललो नाही. नवं घर वाटेवरच होतं म्हणे. "बाहेरून दाखवू का?" असंही कुणी म्हणालं नाही, आणि मी कशाला म्हणतोय?

शुक्रवारी ऑकलंडच्या विमानतळावर तिघं सोडायला आली. केतकी वाकून पाया पडली. निखिलने बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि मला मिठी मारली. ही सवय त्याला तिकडेच लागली. मी ट्रॉली ढकलत निघालो. हळूहळू. एक चाक अडतंय असं दाखवून मध्ये थांबलोसुद्धा. मग वळून बघितलं. निखिल आणि केतकी हात हलवत होती. शिस्तीत, हसून, माणसाला हवं तसं जाऊ देणारी दोघं. मंगल हात हलवत नव्हती. मी एखाद्या सौद्यात फसून घरी आलो की ती जशी बघते, तशी बघत होती.

भोसरी

घरी आलो तेव्हा बंद घराचा वास. विमानात रात्रभर मी घड्याळात त्यांची वेळ मोजत आलो होतो, आता संकल्प झाला असेल, आता होम. रविवारी सकाळी फोन वाजला.

आधी मंगल. गुरुजी म्हणजे एक कॉम्प्युटरवाला, शनिवार-रविवारी पूजा सांगतो. छान सांगितलं म्हणे. धुराने घरातले अलार्म बोंबलतात म्हणून होम गॅरेजमध्ये केला, दार वर करून. शेजारचा गोरा आग लागली समजून पाण्याची नळी घेऊन धावत आला, त्याला शिरा खायला घालून परत पाठवलं. लिंबाला लिंबं लागली आहेत. "आणि तुमच्या त्या व्हाइसलाही मी हळदकुंकू लावलं."

"कुठल्या व्हाइसला?"

तिकडे खुसपुस. मग निखिल.

"बाबा, त्या दिवशी सकाळी ब्रेडला गेलो होतो ना..."

"किती दिलेस?"

"लिहिली होती तेवढी."

"काहीच कमी केलं नाही तिने?"

"मी म्हटलंच नाही. तिने चहा विचारला, मी हो म्हणालो. बसून प्यायलो."

गाडी मागून बसली होती ती यामुळे. पूर्ण बेटभर मी त्या व्हाइसच्या पुढे तोंड वाकडं करून बसलो होतो.

"बाबा, त्याच्यासाठी टेबल करतोय गॅरेजमध्ये. लाकूड कापायचंय. तुमच्या कोपराची उंची किती?"

"माझी कशाला? काम तू करणार."

"मी वाकेन जरा."

बाहेर कुणीतरी भाजीवालीशी भाव करत होतं. माझ्या तोंडात शब्द तयार होते: बघू, नंतर सांगतो. अगदी ओठावर. आणि मला माहीत होतं की तिकडून "ओके" येईल, आणि लाकूड कापलं जाईल.

"फोन ठेवू नकोस," मी म्हणालो. "टेप शोधतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवला. टेप सापडली, पण स्वतःचं कोपर एकट्याला मोजता येत नाही. टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं की खांदा झुकतो आणि माप कमी येतं. कमी माप मला सांगायचं नव्हतं. भिंतीला पाठ लावली, पुन्हा सुरुवात केली. टेबलावरून बारीक आवाज येत होता, "बाबा? आहात ना?"

मी भिंतीपाशी होतो तिथूनच ओरडलो, "आहे. थांब."